हातोडा अण्णाच्या हातात

अण्णाने मला पायाला धरून पहिल्यांदा गाडीबाहेर ओढलं, तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि तो चोपन्नचा. पहिल्यांदा म्हणतो, कारण त्या सकाळी त्याने मला दोनदा ओढलं. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मी आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, गाडीच्या स्टेअरिंगखाली पाठीवर पडून, तोंडात टॉर्च धरून इग्निशनचं लॉक काढत होतो. तो ओढत असताना माझं डोकं दाराच्या चौकटीवर असं आपटलं की टॉर्च तोंडातून उडून शेजारच्या गाडीखाली गेला.

का ओढलं ते सांगतो, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. माझी घ्या. फार वेळ घेता येणार नाही, पण घ्या.

बाबा गेले तेव्हा मागे एक गाडी राहिली आणि तिच्या दोन किल्ल्या. एक अण्णाकडे बोम्मसंद्र्याला, एक माझ्याकडे बेळ्ळंदूरला. गाडी पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. कागद नाही, वाटणी नाही. ज्याच्या खिशात किल्ली त्याची गाडी, आणि किल्ली दोघांच्याही खिशात. असं चार वर्षं झकास चाललं.

त्या आठवड्यात लॉक बिघडलं. किल्ली आत जायची, पण फिरायची नाही. स्टेअरिंगही अडकून बसलेलं, म्हणजे ओढून गॅरेजला न्यायची सोय नाही. मी नवं लॉक आणलं. नव्या लॉकच्या किल्ल्याही नव्या, दोन, एकाच कडीत अडकवलेल्या. म्हणजे अण्णाच्या खिशातली किल्ली आता नुसता पत्रा. मी त्याला फोन केला नाही. दोन्ही किल्ल्या स्वतःकडे ठेवायचा विचार होता का? होता. खोटं कशाला बोलू, मला तो विचार फार आवडला होता.

पण त्या रविवारी त्याचा पंधरवडा सुरू होत होता, आणि तो गाडी न्यायला आला. बॉनेटवर लॉकचं फाडलेलं पाकीट पडलं होतं.

"मला न विचारता बाबांचं लॉक बदलतोस?"

"बिघडलंय रे, अण्णा."

"डोकं बिघडलंय तुझं! मग मी गाडी कशाने चालू करू? या बोटाने?" आणि तेच बोट त्याने माझ्या डोळ्यात घातलं.

मी एका डोळ्याने परत गाडीत शिरलो. त्याने परत ओढलं. मग मात्र मी उठलो आणि डोकं खाली घालून सरळ त्याच्या पोटात घुसलो. आम्ही दोघं रांगेत लावलेल्या स्कूटरांवर कोसळलो, आणि तीन स्कूटर एकामागून एक आडव्या झाल्या. त्याने माझी मान बगलेत दाबली. मी त्याच्या मनगटाला चावलो. तो ओरडला, मी हसलो, हसताना तोंड उघडलं तर त्यात चप्पल आली. मी हवेत एक गुद्दा फिरवला, तो कसा कोण जाणे त्याच्या ओठावर बसला आणि ओठ फाटला. इतका सरळ गुद्दा मी आयुष्यात मारला नव्हता. मला अभिमान वाटला.

वॉचमन शिट्टी फुंकत होता, गाडी मागे घेताना फुंकतात तशी, तालात. तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी "साकु, साकु! पुरे!" असं ओरडून पिशव्या खाली ठेवल्या आणि नीट दिसेल अशा जागी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माझी बायको लिफ्टमधून आली. आधी तिने कोण कोण बघतंय ते बघितलं. मग गाड्या पुसायची गढूळ पाण्याची बादली उचलली.

"भाऊजी, तुम्ही पाहुणे, म्हणून आधी तुम्ही," असं म्हणून तिने अर्धी त्याच्यावर आणि अर्धी माझ्यावर ओतली. "आता दोघं मिळून ते लॉक बसवा, नाहीतर दोघं बसने फिरा."

हे लॉक स्टेअरिंगच्या दांड्याला दोन बोल्टनी जखडलेलं असतं, आणि चोराला उघडता येऊ नये म्हणून त्या बोल्टची डोकी मुद्दाम मोडून टाकलेली असतात. पाना कशावर लावणार? छिन्नी तिरकी धरून हातोड्याने ठोकत बोल्ट उलटा फिरवायचा, एवढाच उपाय. एकट्याने तासभर ठोकून मी फक्त माझी बोटं फोडली होती. अण्णा तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होता.

"छिन्नी धर," तो म्हणाला आणि हातोडा घेतला.

आम्ही दोघं गाडीच्या उघड्या दाराशी, स्टेअरिंगखाली डोकी घालून, गाल गालाला घासेल असे उकिडवे बसलो. त्याच्या ओठाचं रक्त माझ्या बाहीवर ठिबकत होतं.

"बोटं मागे का घेतोस?"

"भीती वाटते."

"वाटू दे." त्याने हातोडा उचलला. "खरं सांग. दोन्ही किल्ल्या ठेवणार होतास?"

मी माझ्या पाच बोटांकडे बघितलं. "हो."

हातोडा पडला, छिन्नीच्या बरोबर मध्यावर. माझ्या दाढा वाजल्या.

"मला काय सांगणार होतास?"

"एक हरवली म्हणून."

हा घाव असा बसला की बोल्ट कुरकुरत फिरला. त्याचा संताप छिन्नीवर पडत होता आणि माझं नख तिथून गव्हाच्या दाण्याएवढं लांब होतं. चार घावांत एक बोल्ट सुटला. दुसऱ्या बोल्टच्या वेळी मी धीर करून विचारलं, "आणि तू माझ्या जागी असतास तर?"

"मी तर लॉक बसवून, तुझी किल्ली द्यायला म्हणून वर तुला जेवायला बोलावलं असतं," तो म्हणाला, आणि हातोडा माझ्या अंगठ्यावर आला.

मी किंचाळलो. अक्काही किंचाळल्या.

"हा चुकून," अण्णा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं नाही.

जुनं लॉक निघालं, नवं बसलं. नव्या बोल्टची डोकी त्याने पान्याने पिळून कटाकट मोडली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मग त्याने ती बंद केली, कडी पिळून दोन किल्ल्या वेगळ्या केल्या, एक खिशात टाकली, आणि दुसरी हातभर अंतरावरून, होता नव्हता तेवढा जोर लावून मला फेकून मारली. ती भुवईवर लागली. भुवई फुटली.

"घे. टाकी भरून ठेव. उद्या सकाळी नेतो. आत्ता या ओल्या पँटने गेलो तर सीट खराब व्हायची."