बहर ओसरला की येते

वडिलांचं ऑपरेशन माझ्यासाठी अडलेलं असताना मी त्यांना झाडाफुलांवर पत्र लिहिलं. इतका मूर्खपणा करायला माणूस फार शिकलेला लागतो.

धारहून निघाले तेव्हा आबा इंदूरच्या बसच्या ड्रायव्हरला बजावत होते, "भिया, जरा आराम से चलाना, छोरी जापान जा री है." जशी काही बसच समुद्रात घालायची होती! मी लाजून तोंड फिरवलं. क्योतोला जुनं जपानी साहित्य शिकायला निघालेली विदुषी ना मी!

तिथे शिकले की जुन्या दरबारी बायका पत्रात मनातलं उघड सांगत नसत. ऋतू लिहायचा, बाकीचं वाचणाऱ्याने ओळखायचं. ती शैली मला अशी चढली की मीठ संपल्याचंही मी चंद्रावरून कळवलं असतं.

पौषात आबांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, होळीच्या आत करा. होळीचं काही न लिहिता आबांनी मला पत्रात विचारलं, कधी येतेस? तू आलीस की टेबलावर झोपतो. मी सुबक अक्षरांत उत्तर धाडलं, "बहर ओसरला की येते."

माझ्या खिडकीबाहेर चेरी होती, तिचा बहर चैत्रात जातो. आबांच्या अंगणात आंबा. त्याचा मोहोर गळला तसं ते डॉक्टरांना म्हणाले, मुलगी आलीच समजा. होळी झाली. रंगपंचमीची गेर, रंग उधळणारी मिरवणूक, दारावरून गेली. आबा आपले म्हणत, निघाली असेल, वाट लांबची आहे.

मी पोचले तेव्हा आंब्याला पन्ह्याच्या कैऱ्या लटकत होत्या आणि आबा अंथरुणात निम्मे उरले होते. "लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच," असं मलाच समजावत होते. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. ज्येष्ठ लागायच्या आत आबा गेले.

आता देवासला भावाकडे येऊन-जाऊन असते. त्याची नातवंडं हिंदीत बोलतात, क्योतोतली माझी नात जपानीत. मराठीत मी बहुतेक स्वतःलाच रागावते. तुम्ही मागे राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे गेलेले, मला विचाराल तर घर म्हणजे जिथली झाडं कधी फुलतात ते विचारावं लागत नाही, ती जागा. मला क्योतोतलं ठाऊक आहे. धारचं विसरले, तेही नेमकं त्याच वर्षी.

आबांनंतर परत निघाले, तेव्हा आई रडली नाही. दशम्या बांधून देताना म्हणाली, "पत्र छानच होतं गं तुझं. ह्यांनी सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. तारीख तेवढी घालायची होतीस."