फुगल्या छातीचं माप

"फुंक. लाजू नको, मी काही तुझी सासू नाही."

एवढं बोलून मिस्त्री बाजेवाल्याच्या मागे जायचा आणि पसरलेला पंजा त्याच्या बरगड्यांवर ठेवायचा. बाजेवाला ट्रंबोन फुंकायचा, मिस्त्री डोळे मिटायचा. कानाने नाही, हातानेच ऐकतो असं वाटायचं. मग डोळे उघडून जे बोलायचा, ते ऐकलेल्या माणसाला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

आमचं रायपूरच्या गुढियारीतलं दुकान आणि त्याचं दुकान एकाच ओळीत, मधे एक पत्र्याची भिंत. मी बँडवाल्यांच्या वर्द्या शिवते, तो त्यांचे पितळी बाजे दुरुस्त करायचा. तोही आमच्यासारखाच विदर्भातून इकडे आलेल्या घरचा. लग्नाच्या सीझनआधी माणूस पहिले माझ्याकडे माप द्यायला यायचा आणि मग बाजा घेऊन त्याच्याकडे. म्हणजे एकाच छातीवर आमचं दोघांचं पोट.

ट्रंबोन तुम्ही वरातीत पाहिला असेल. लांब नळी पुढेमागे सरकते, तो. मला त्यातलं काय कळणार. पण पत्र्याच्या भिंतीआडून वीस-बावीस वर्षं ऐकलं की काहीतरी कानात राहतंच. बाजाही वर्दीसारखा अंगाला बसावा लागतो. कोणाचा बाजा उशिरा बोलतो, कोणाचा नुसता अडतो. मग मिस्त्री ओठ लावायची वाटी बदलायचा, वाटीच्या बुडातलं छिद्र सळई फिरवून रुंद करायचा, सरकनळीत हवा कुठे गळते ते अंगठा दाबून शोधायचा. सगळे येऊन एकच मागायचे, "मिस्त्री, जरा मोकळा करून दे." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

"मोकळा बाजा हवा पिते रे. तुझ्याजवळ आहे का पाजायले?"

एक जाडजूड माणूस यायचा. त्याच्या पोटावर टिचकी मारून मिस्त्री म्हणाला, "हा माठ पाण्याचा आहे. हवेचा कुठे ठेवला?" दुसऱ्या एका बिचाऱ्याचं नुकतंच लग्न मोडलं होतं. त्याला म्हणाला, "बाजा चांगला आहे तुझा. तो नाही पळणार, त्याले पाय नाहीत." बाकावर बसलेले सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मशीनवरून मीही हसले. तो माणूस पुन्हा आमच्या ओळीत दिसला नाही. वर्दीचं मापही दुसरीकडे देऊ लागला. त्याचं मला वाईट वाटलं, पण मिस्त्रीचं बोलणं ऐकायची सवय काही गेली नाही. तुम्हीसुद्धा बसला असता तर हसला असता.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. बँडवाल्याचं माप दोनदा घ्यावं लागतं. एकदा श्वास सोडून, एकदा छाती फुगवून. दोन्हींमध्ये जेवढं अंतर, तेवढी जागा कापडात सोडायची. नाही सोडली तर भर वरातीत बटण तुटतं. मिस्त्री भिंतीपलीकडून विचारायचा, "वहिनी, किती सरकला टेप?" मी सांगायची, दोन इंच, अडीच इंच. तो त्या हिशेबाने बाजा जुळवायचा.

आमचे हे मालधक्क्यावर सिमेंटची पोती उतरवायचे आणि सीझनमध्ये बँडमध्ये ट्रंबोन वाजवायचे. पण त्यांचा जीव होता तो जयंतीच्या मिरवणुकीत. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, तेरा वर्षं. आता पोट्ट्यांना डीजे लागतो, पण आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, मिरवणूक अजून बँडवरच निघते. मग एका वर्षी बँडच्या मास्टरने सांगून टाकलं, ज्याचा दम कमी पडेल त्याने मागे जाऊन झांज वाजवायची. ऐकून हे घरी आले आणि भाकरीचे नुसते तुकडे करत बसले.

"काहून जेवत नाही?" मी विचारलं.

"झांज लहान पोरं वाजवतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्दीसाठी माप घेतलं. आधी श्वास सोडून, मग फुगवून. टेप अर्धा इंचसुद्धा सरकला नाही. मी म्हटलं, "थट्टा नका करू, नीट फुगवा." ते म्हणाले, "फुगवलीच आहे." मला वाटलं वय झालं, पन्नाशी आली. तरी एकदा दवाखान्यात दाखवा म्हटलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. भिंतीपलीकडून मिस्त्रीने विचारलं आणि मी सहज सांगून टाकलं, "अर्धा."

पलीकडे कानस चालली होती. ती थांबली.

मग हे बाजा घेऊन त्याच्याकडे गेले. मी दारात उभी राहिले, म्हटलं बघू आता नवऱ्याचं काय काय निघतं. मिस्त्रीने पंजा बरगडीवर ठेवला. यांनी फुंकलं. मिस्त्री नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून राहिला.

"मोकळा करून दे," हे म्हणाले.

"नाही भाऊ. आवळतो," मिस्त्री म्हणाला. "आवळला की हवा पुरून उरते. लवकर बोलन, लांब चालन. तुझ्यासारखा वाजवणारा आहे कोण अख्ख्या रायपुरात? मस्त वाजवशीन."

भाऊ म्हणाला. मस्त म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून मी तोवर कोणासाठी गोड शब्द ऐकला नव्हता. मला अभिमान वाटला. आज वाटतं, तिथेच त्याची गचांडी धरायला पाहिजे होती.

त्याने वाटी लहान दिली आणि पुढच्या नळीत कागदासारख्या पातळ पितळेची आतली नळी बसवली, बोटाएवढी. घासली, बसवली, काढली, पुन्हा घासली. तीन दिवस यांना समोर बसवून फुंकायला लावलं. तिसऱ्या दिवशी बाजा असा बोलला की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघू लागला. थोड्याशा फुंकेने भरून वाजत होता.

मिरवणुकीत हे मधोमध चालले. मास्टर दोनदा वळून बघून गेला. पुतळ्यापाशी यांनी शेवटचा सूर इतका लांब धरला की बाया टाळ्या वाजवू लागल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर म्हणाले, "मले कुठे काय झालं? उगीच तू दवाखाना दवाखाना करत राहिली." मलाही पटलं. एवढं वाजवणाऱ्या माणसाला काय होणार?

पावसाळ्यात त्यांना दोन पायऱ्या चढवेनात. डॉक्टरने फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. म्हणाला, छातीत सिमेंट बसलंय, वरून टीबी. उन्हाळ्याआधी आणलं असतं तर टीबीचं तरी काही करता आलं असतं.

तेराव्या दिवशी हे गेले. डॉक्टरने सांगितल्यापासून तेरावा.

मी मिस्त्रीच्या दुकानात गेले. बाकावर लोक होते. मी विचारलं, "तुमच्या हाताला कळलं होतं?"

"हव," तो म्हणाला.

"मग काहून नाही सांगितलं?"

तो हातातली नळी पुसत राहिला. "त्यानं माझ्याकडे बाजा आणला होता, वहिनी. फुफ्फुस नव्हतं आणलं." मग म्हणाला, "आन् टेप तर तुमच्याच हातात होता."

बाकावर त्या दिवशी कोणी हसलं नाही.

वर्षभराने बाजा मी दुसऱ्या वाजवणाऱ्याला दिला. मिस्त्रीने त्याच्या बरगडीवर पंजा ठेवला, चिमट्याने आतली नळी ओढून काढली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. "ही घ्या. हे त्याचंच माप होतं. दुसऱ्याच्या काही कामाची नाही." नळी अजून माझ्या मशीनच्या खणात आहे, बॉबिनांमध्ये. सुई शोधताना बोटाला लागते.

मी त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. एका भिंतीचे शेजारी, कुठवर सोडणार? तो विचारायचा, टेप किती सरकला, मी सांगायची. पण माझं ऐकणं बदललं होतं. पितळ घासून, तेजाबाच्या वाफा ओढून त्याचा स्वतःचा श्वास वाजू लागला होता. पत्र्यापलीकडून मला तो कानशीच्या आवाजाआधी ऐकू यायचा.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी पांढरा सदरा शिवायला आला. मी टेप लावला. श्वास सोडून. मग म्हटलं, "फुगवा." त्याने फुगवली. खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या. टेप तिथेच.

"किती?" त्याने विचारलं.

दवाखाना चौकापलीकडेच आहे. रिक्षासुद्धा लागत नाही. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

"मस्त आहे, भाऊ," मी म्हणाले. "जवान माणसासारखी छाती आहे तुमची."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग टेपकडे.

"आज लय गोड बोलून राहिल्या, वहिनी."

"हव," मी म्हणाले.

तो हसला. चपला घालून आपल्या दुकानात गेला आणि कानस पुन्हा सुरू झाली.

सदरा मी दोन दिवसांत शिवला. फुगल्या छातीसाठी कापडात जागा सोडतात, ती सोडली नाही. लग्नात त्याने तो घातला. दिवाळीनंतर लोकांनी त्याला तोच घालून नेलं, आणि मयतीत दोघी-तिघींनी मला सांगितलं की सदरा अगदी बरोबर बसला होता.