तांबटाचा ओटा

धुळ्यातली आमची गल्ली कुणा साहेबानं नकाशावर पट्टी ठेवून आखली, असं सांगतात. आखली असेल. इथं गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. बाहेरून आलेला माणूस त्याचं कौतुक करतो, फोटो काढतो आणि निघून जातो. मला आता कौतुकाचाही कंटाळा येतो. सागवानी खांब किडलेत, मातीची धाबी जाऊन स्लॅब आलेत, नक्षीच्या तुळयांना केबलच्या वायरी बांधल्यात.

खरी गल्ली होती ती ओट्यांची. प्रत्येक दारासमोर गुडघ्याएवढा दगडी ओटा, आणि घराची ओळखही त्याच्याच नावानं. तांबट कधीचा गाव सोडून गेला, तिथं मोबाइलचं दुकान आलं, तरी ते घर ‘तांबटाचा ओटा’च. जेवणाचं आवतण देणारासुद्धा ओटे मोजत फिरायचा, घरं नाही.

माझ्या वडिलांना, आबांना, दिसत नाही. तरी रोज संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला एकटे जायचे. काठी ओट्यांच्या कडेनं घासत न्यायची, दगड बदलला की घर बदललं. दमले की तांबटाच्या ओट्यावर टेकायचे. मी सोबत येते म्हटलं की चिडायचे. दिवसभर माझ्या हातानं जगणाऱ्या माणसाची ती एवढीच स्वतःची वाट होती.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून ओटे पाडायचं ठरलं. जो तो म्हणे, आधी समोरच्याचा पाडा, मग आमचा. जेसीबीला कसला मानपान? त्यानं एका दुपारी दोन्ही बाजू साफ केल्या. दारं अधांतरी राहिली. आता आम्ही सगळे लोखंडी पायऱ्या लावून आपापल्या घरात चढतो.

आबांना म्हटलं, आता पुरे. ऐकतील तर ते आबा कसले! ते निघाले की लोक दारादारांतून ओरडून वाट सांगू लागले. रजया भरणारे शेजारचे चाचा तर हातातलं काम टाकून बाहेर यायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तेवढाच माझ्या जिवाला विसावा.

त्या दिवशीही चाचांनी हाक दिली, “आबा, तांबटना ओटा उना!”

आबा थांबले. काठी बगलेत धरली, वळले आणि सवयीनं खाली टेकले. थेट काँक्रीटवर आदळले.

हाड मोडलं नाही, नशीब. चाचा धावत आले आणि कपाळावर हात मारून घेऊ लागले. “मनी जीभ जळो, आबा.”

आबा बसल्या जागी हसले. “तुनं काय चुकनं? ओटा नही शे, माले माहीत व्हतं. नाव आयकं आन बसी गऊ.”

बघायला जमलेले लोकही हसले. मला भयंकर राग आला होता, पण कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काठी मागितली नाही. मी वाट पाहिली, मग चहा टाकला आणि कप त्यांच्या हातात दिला. घरच्या चहाला जन्मभर नावं ठेवणारा माणूस, शेवटच्या घोटापर्यंत निमूट प्यायला.

“आते चहा आठे घरमाच देत जाय,” ते म्हणाले.