आखूड डाव्या बाहीचा शोध

चहा घ्या आधी. आणि घोट घशाखाली उतरला की मगच पुढचं ऐका, कारण मध्येच हसलात नि ठसका लागला तर तेही माझ्याच माथी येईल. आधीच माझ्या नावावर एकवीस गुन्हे आहेत. एकवीसच्या एकवीस भर रस्त्यातून वाजतगाजत मिरवलेले!

बाराबंदी माहीत आहे ना? आपले पणजोबा घालायचे तो पांढरा सुती अंगरखा. छातीवर एका बाजूवर दुसरी बाजू घ्यायची आणि बटणांच्या जागी बंद बांधायचे. बंदांच्या सहा जोड्या, म्हणून बाराबंदी.

मी कोण? मी अविनाश. भोपाळला बरखेड्यात क्वार्टर, कारखान्यात इन्स्पेक्शनला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हेच माझं काम. केसाएवढा फरक दिसला की पार्ट परत! आणि घरी आलो की जुन्या काळचे कपडे शिवायचे. हसताय काय? कुणी क्रिकेट बघतं, कुणी कुंडीत गुलाब लावतं, मी जुन्या फोटोंवर भिंग धरून लोकांच्या बाह्यांच्या चुण्या मोजतो. लॉकडाऊनमध्ये बायकोच्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवायला बसलो आणि उठलो तो थेट पेशवाईतच. मेधाला, म्हणजे बायकोला, ते मशीन अजून परत मिळालेलं नाही.

तर झालं असं की ग्वाल्हेरला दादानं घर आवरायला काढलं. जुन्या पेटीतून एक बाराबंदी निघाली, ती त्यानं मला पाठवून दिली. साक्षात पणजोबांची! अहो, जी वस्तू म्युझियममध्ये काचेपलीकडून बघायची, ती माझ्या जेवायच्या टेबलावर! मी हात धुतले. पुन्हा धुतले. श्वास रोखून घडी उलगडली, टेप लावला आणि ताडकन उभाच राहिलो.

उजवी बाही मनगटापर्यंत. डावी कोपराशीच संपलेली!

"फाटली असेल," मेधा भाजी निवडता निवडता म्हणाली.

"फाटली? ही कड बघ! तुरपलीय. काय बारीक टाका आहे! फाटक्या बाहीला कुणी इतक्या मायेनं तुरपतं का?"

"मग कुणीतरी कापली असेल."

"इतकी चांगली बाही कोण कशाला कापेल? आणि धागाही वेगळा आहे. म्हणजे डाव्या बाहीचा कारागीर वेगळा असणार. खास!"

"एवढं आहे तर आईंना फोन करून विचार ना."

तेवढंच करायचं नव्हतं मला. आईला माझा हा नाद मुळीच पसंत नाही. 'एवढा इंजिनिअर केला, आणि बसलाय काजं करत,' असं ती अख्ख्या ग्वाल्हेरला सांगत असते. ती पाडव्याला भोपाळला यायची होती. तिच्या सासरची बाराबंदी हुबेहूब शिवून मला तिला थक्क करायचं होतं. तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदाच, 'छान शिवलंस रे' ऐकायचं होतं. पन्नाशीला आलो म्हणून काय झालं? आईची शाबासकी ती शाबासकी!

आठ दिवस ती बाही माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी आंघोळ करता करता एकदम उलगडा झाला. लगाम! घोड्याचा लगाम कुठल्या हातात? डाव्या! लांब बाही लगामात अडकणार, म्हणून डावी आखूड. उजवा हात तलवारीला. म्हणजे आमचे पणजोबा घोडेस्वार! मी साबण तसाच अंगावर घेऊन बाहेर आलो आणि मेधाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी टॉवेल गुंडाळ."

संध्याकाळी अरेरा कॉलनीत पाटणकर काकांकडे. काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. दर पाडव्याला मंडळाची शोभायात्रा निघते आणि यंदा काहीतरी ऐतिहासिक करायचं म्हणून काका हैराण झाले होते. माझं ऐकून ते खुर्चीतून उठलेच.

"अरे अविनाश, ही तर रिसर्च आहे, रिसर्च! हे पुणेवाल्यांना तरी माहीत आहे का?"

"कुणालाच माहीत नाही, काका."

"मग बस! एकवीस पुरुष, एकवीस बाराबंद्या, सगळ्यात पुढे. आणि हिला नाव पाहिजे. ग्वाल्हेरी स्वारबंदी! फ्लेक्स मी बनवतो."

झालं! मी रजा टाकली. मांजरपाट आणला, बेतला, मशीन घरघरायला लागलं. एकवीस डाव्या बाह्या मी कोपराशी संपवल्या आणि त्या मूळ तुरपाईचा एकेक टाका मोजून हातानं तुरपल्या. इंचाला जितके टाके मूळ बाहीत, तितकेच माझ्यात. एक कमी नाही, एक जास्त नाही!

शंका काढणारे असतातच. मंडीदीपचे कुलकर्णी माप द्यायला आले आणि म्हणाले, "साहेब, कपडा कम पडला काय?"

"कुलकर्णी, तुम्ही घोड्यावर बसलाय कधी?"

"नाही हो. मी मोटरसायकलवर येतो."

"मग झालं तर."

आणि गंमत बघा, घालून गेले नि दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "साहेब, तुमचं खरं आहे. क्लच दाबायला हात काय मोकळा राहतो!" आता यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

पाडव्याची सकाळ. ढोल घुमतायत, गुढी उभी आहे आणि एकवीस पुरुष स्वारबंदी घालून ओळीत उभे. डावा कोपर उघडा, उजवा झाकलेला. काकांचा फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी तर छाती अशी फुगली होती की माझ्याच बाराबंदीचे बंद ताणले गेले. तेवढ्यात मेधा आईला स्टेशनवरून थेट तिथेच घेऊन आली. मी आईचा हात धरून तिला ओळीपुढे नेलं.

"बघ!"

आईनं चष्मा लावला. पहिल्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, कुलकर्ण्यांपर्यंत गेली आणि परत आली.

"अव्या, कापड पुरलं नाही का रे?"

"आई! ही पणजोबांची बाराबंदी. दादानं पाठवली ना, तश्शीच्या तश्शी! ते घोड्यावर बसायचे म्हणून..."

"कोण घोड्यावर बसायचं?"

"पणजोबा."

"आमचे आजेसासरे? अरे, कचेरीत कारकून होते ते! घोड्याला इतके भ्यायचे की टांग्यातसुद्धा पाठ करून मागे बसायचे."

"मग... ही डावी बाही?"

"ती होय? ती मी कापली."

"तू?"

"मग काय करू? असाच पाडवा होता. तू असशील चार-पाच वर्षांचा. श्रीखंड पाहिजे म्हणून भोकाड पसरून जमिनीवर लोळत होतास. चक्का बांधायला एक धड फडकं सापडेना. ही पेटीत वरच होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. म्हटलं, आता कोण घालणार आहे! कोपरापासून कापली, उसवली, दही बांधलं. तुझ्यापुरता चक्का निघाला. मग त्या कापलेल्या कडेचे धागे सुटायला लागले, ते काही बघवेना, म्हणून बसले तुरपत."

ऐकलंत? ज्या पुराव्यावर मी आठ दिवस डोकं फोडलं, तो पुरावा मीच वेलची घालून वाटीभर चाटूनपुसून खाल्ला होता!

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आई मात्र कुलकर्ण्यांची बाही धरून निरखत होती. बोट फिरवलं, उलटी करून पाहिली. "टाका अगदी माझ्यासारखा घातलायस रे."

"तुझाच आहे, आई. मोजून घातलाय."

"सगळ्या एकवीस हातानं?"

मी मान हलवली. तिनं बाही परत सरळ केली. मग म्हणाली, "छान शिवलंस हो."

काय सांगू! मला तिथेच उडी मारावीशी वाटली. पण माइकवरून काकांचा आवाज घुमायला लागला होता. "आता आपले संशोधक स्वतः स्वारबंदीचा इतिहास सांगतील!"

गेलो. खोटा माल पास करायची सवय नाही मला. माइक धरला आणि सगळं सांगून टाकलं. घोडा नाही, लगाम नाही, तलवार नाही. श्रीखंड! चूक माझी, माफ करा.

मग काकांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. गहिवरले होते बिचारे. "बघा, बघा! खरी विद्वान माणसं अशी असतात. श्रेय घ्यायचंच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या खुर्चीतले एक रिटायर्ड प्रोफेसर उठून उभे राहिले. "मी सांगतो! उज्जैनला आमच्या काकांकडे अगदी अशीच होती. डावीच आखूड!"

"अहो, पण ते श्रीखंड..."

"श्रीखंड ही तुमच्या घरची गोष्ट झाली. हा इतिहास आहे!"

मी आईकडे धाव घेतली. साक्षीदार म्हणून तीच एक होती. तिच्याभोवती बायकांचा हा गराडा, आणि आई हसून हसून सांगतेय, "हो तर! आमच्याकडे सगळ्यांची डावी बाही अशीच असायची."

"आई!"

"गप रे. चार माणसं कौतुक करतायत ते बघवत नाही का तुला?"

शोभायात्रा निघाली. लोकांनी गच्चीतून फुलं टाकली. फोटो कुठे कुठे फिरले देव जाणे, पण गेल्या आठवड्यात इंदूरच्या एका मंडळातून फोन आला. चाळीस हव्या आहेत, पुढच्या पाडव्याला.

मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता तरी चूक सुधारता येईल. "देतो की! यावेळी दोन्ही बाह्या मनगटापर्यंत करून देतो."

पलीकडचे गृहस्थ चपापले. "नाही नाही, साहेब! आम्हाला ओरिजिनलच पाहिजे. असला डुप्लिकेट माल खपवायचा असेल, तर आम्ही दुसरा माणूस बघतो."