तिन्ही डबे एक नंबर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या एका शिक्षणसंस्थेत मी कॉम्प्युटरवाला म्हणून लागलो. संस्थेची जळगाव, धुळे आणि धरणगाव अशी तीन कार्यालयं, प्रत्येकाला एक साहेब, आणि तिघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नोकरांच्या नोंदीही तिघांनी आपापल्या टेपवर वेगळ्या ठेवलेल्या.

आमचे शिपाई नाना महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची नोकरी तिन्ही गावांत बदल्या भोगण्यात गेली. तिन्ही टेप एकत्र वाचून त्यांच्या सेवेचा एकच उतारा काढल्याशिवाय पेन्शनचे कागद हलणार नव्हते. म्हणून धुळे आणि धरणगावचे टेप ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारे डबे, एस.टी.ने जळगावात आले, सोबत आपापल्या साहेबांना घेऊन.

हे तीन डबे एकामागून एक केबलने कॉम्प्युटरला जोडायचे. प्रत्येकाच्या पाठीमागे नंबर लावायचं बारीक बटण. दोघांना एकच नंबर लागला, की कॉम्प्युटरचा गोंधळ उडतो. मी जळगावला एक, धुळ्याला दोन आणि धरणगावला तीन दिला, नारळ फोडला आणि चहाला गेलो. तिथेच चुकलो.

परत आलो तर कॉम्प्युटर एकही ड्राइव्ह ओळखेना. अर्धा दिवस केबली काढण्या-घालण्यात गेला. शेवटी मागे वाकून पाहिलं, तर तिन्ही डबे एक नंबरवर.

"आमचं कार्यालय सगळ्यात जुनं आहे," धुळ्याचे साहेब शांतपणे म्हणाले. धरणगावच्या साहेबांनी आपल्याकडे विद्यार्थी जास्त असल्याचं सांगितलं. मी नंबर पुन्हा नीट लावले. जेवून येईपर्यंत पुन्हा तिन्ही एकवर. एवढी शिकलेली माणसं, आणि डब्याच्या पाठीवरच्या आकड्यासाठी भांडत होती. माझं डोकं फिरलं. नानांचे आठच दिवस उरले होते.

नाना मात्र हसले. "भाऊ, मांगला नंबर मशीनले, पुढला सायेबले," म्हणाले. त्यांनी कागदाच्या तीन चिठ्ठ्या फाडल्या, तिन्हींवर ठळक एक लिहिला आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर खळीने एकेक चिकटवली. मी मागचे नंबर गुपचूप बदलले. तिन्ही साहेब आपापल्या डब्यासमोर समाधानाने बसले आणि टेप फिरू लागल्या. संध्याकाळी नानांचा उतारा छापून बाहेर आला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

उताऱ्यावर तिन्ही साहेबांच्या सह्या हव्या होत्या. खाली तीन रेघा, एकाखाली एक. पहिल्या रेघेवर सही कोणी करायची, यावर अडून तिघेही सही न करताच उठले, आणि दोघे एस.टी. गाठायला निघून गेले.

महिना संपला. निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून नाना माझ्या टेबलाशी आले. कागद तिथेच होता, तिन्ही रेघा कोऱ्या. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला.

"भाऊ," ते म्हणाले, "आते चिठ्ठी कोठे लाऊ?"