खविसाचं उरलेलं रक्त
खोलीच्या भिंतींना चुना देताना खाटेमागून खेळातला एक पत्ता निघाला आणि ती पोरगी आठवली. भूकंपानंतर मी लातुरात पत्र्याच्या छताच्या खोल्या बांधून क्लासच्या पोरींना भाड्यानं दिल्या. ही देगलूरची, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झालेली. त्या दुपारी पत्रा भाजत होता आणि ती मैत्रिणीबरोबर व्हँपायरचे पत्ते खेळत होती. पत्त्यांवरच्या त्या रक्तपिपासू भुतांना मी खवीस म्हणायची. तिच्या खविसात रक्त, म्हणजे खेळातला जीव, थोडंच उरलं होतं; लढला तर तेही जाणार, पळाला तर समोरचा पुढच्या डावात गाठणार. मी म्हणाले, "मेलेलंच हाय की ते, लढू दे." "मावशी, ह्यात मेलेलं बी हरतंय," ती म्हणाली. मग पत्ता आपटून बोलली, "लढतेच. अप्पा आज यायलेत, त्यांना बी सांगते, आता क्लास न्हाई." तेवढ्यात अप्पा दारात आले, खांद्यावर नवी गादी. "जुनी चेपली असंल, माय. अजून एक वरीस काढायचंय." मैत्रीण तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं उठून गादीचं दुसरं टोक धरलं आणि बापाबरोबर आत नेली. त्या खोलीत आता दुसऱ्या पोरी राहतात. त्यांचे बाप आले की मी दार उघडते आणि बाजूला होते.