आमचा नवा अर्बाब

ओमानमधल्या इब्रीच्या सरकारी दवाखान्यातला आमचा फिजिओथेरपी विभाग स्वतंत्र सामाजिक संस्था झाला. साहेबांनी पेशंटांना जमवून सांगितलं, "आता इथे अर्बाब कोणी नाही. मालक तुम्हीच."

गुडघेदुखीच्या एका म्हाताऱ्याने ते खरंच मानलं. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सोडून तो दारात खुर्ची टाकून बसला आणि आम्हालाच "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागला. गुडघा त्याचा आणि पळायचं आम्ही.

मी गावी जायला रजा मागितली. साहेब म्हणाले, "मी कोण देणारा? मालकांना विचारा."

तणतणत मी म्हाताऱ्यापुढे उभी राहिले. दाढी कुरवाळत तो म्हणाला, "इन्शाल्ला."

म्हणजे रजा गेली. विभाग सरकारी होता तेव्हा साहेबही हेच म्हणायचे.